बोटीच्या नाकावर आई

पातूर,
बुधवार, ता. १६ डिसेंबर १९६४

तीर्थरूप शेषरावदादांस,

धाकट्या ललिताचा जयभीम. आम्ही इकडे सगळे धडधाकट आहोत. मला सर्दी आहे, पण ती कशानं झाली हे पुढे कळेलच. शकुनवहिनींचा गुडघा कसा आहे? थंडीत सकाळचं पाणी भरायला तुम्ही उठत जा, त्यांना उठवू नका. मुलांचे सहामाहीचे मार्क कळवा (वाईट असले तरी कळवा, मी शाळेत शिकवते, मला सवय आहे).

गेल्या रविवारची हकीकत मीच आधी लिहिते, कारण आपल्याकडची बातमी बसमध्ये बसली की दर स्टँडवर थोडी वाढते. अमरावतीला पोचेपर्यंत मी बुडून मेलेली असेन.

आमचे हे (उत्तमराव. नाव तोंडानं घेत नाही, कागदावर चालतं) गावाबाहेरच्या जुन्या तलावावर हंगामी मेकॅनिक आहेत. तिथं एक लाकडी मोटरबोट आहे. कोण्या इंग्रज साहेबानं बदकं मारायला आणली होती, जाताना इथंच टाकून गेला. पंधरा-सोळा वर्षं ती लिंबाखाली पडून. चौकीदार डोमाजी तिच्यात मिरच्या वाळवायचा आणि मागच्या कोपऱ्यात त्याची कोंबडी अंड्यांवर बसायची. ऑक्टोबरात वरून कागद आला की बोट निरुपयोगी असल्यास मोडून लाकूड विकावं. बोट गेली की तिच्या मेकॅनिकची जागाही गेली, हे सांगायला दुसरा कागद लागत नाही. हे दोन दिवस जेवले नाहीत. (जेवले, पण भाजी कशी झाली विचारलं तर 'हं' म्हणाले.)

नेमके तेव्हाच नवे साहेब पाहणीला आले. दोन वर्षं परदेशात शिकून आलेले, अंगानं भरपूर, स्वभावानं त्याहून मोकळे. त्यांनी बोटीभोवती तीन चकरा मारल्या आणि विचारलं, ही चालली तर माणूस ओढेल का? ह्यांना प्रश्न कळला नाही, पण "ओढेल ना साहेब, काहून नाही ओढणार?" असं सांगून मोकळे झाले. घरी येऊन मला विचारलं, "माणूस ओढनं म्हणजे काय व?"

तर ते असं. पायात दोन लांब फळ्या अडकवायच्या, हातात दोराचं टोक धरायचं आणि बोट पळाली की तिच्यामागे पाण्यावर उभं राहून घसरत जायचं. तिकडे लोक हे हौसेनं करतात. साहेबांनी फळ्या विलायतेहून बरोबर आणल्या होत्या आणि इकडे आल्यापासून त्यांना पाणी मिळत नव्हतं. त्यांनी तेरा डिसेंबर तारीख दिली. त्या दिवशी बोटीनं माणूस ओढला तर बोट कामाची आहे असं लिहीन म्हणाले. नाही ओढला, तर लाकूड.

दादा, ती बोट मी उजेडात धरून पाहिली असती तर चाळणी म्हणाले असते. फळ्या वाळून त्यांच्यात बोटबोट फटी पडलेल्या. हे म्हणाले, फटींत कापूस ठोकायचा आणि वरून राळ-डांबर ओतायचं. आता वऱ्हाडात कापसाला काय तोटा, पण ह्यांना धीर कुठला. घरात दिसला तो कापूस आपल्या आईच्या गादीतला. आई दुपारी आली, तर गादीच्या जागी नुसती खोळ.  तिनं ती घडी करून उशाशी घेतली आणि ह्यांच्याकडे पाहत झोपली. चार रात्री ह्यांना झोप नाही.

फटी बुजल्यावर ह्यांनी बोट काठच्या उथळ पाण्यात नेली, तिच्यात दगड भरले आणि तिला बुडवली. मुद्दाम. लाकूड पाणी पिऊन फुगलं की उरलेल्या फटी आपोआप मिटतात, हे खरं आहे. पण गावाला कसं पटावं? उत्तमरावची बोट पहिल्याच दिवशी बुडाली म्हणून लोक घरी येऊन बसायला लागले. डोमाजी तर डोळे पुसत होता. मला वाटलं बोटीसाठी, पण त्याची कोंबडी तेव्हापासून अंडी देईना. पाचव्या दिवशी दगड काढले, पाणी उपसलं, आणि बोट कोरडी तरंगली. त्या दिवशी हे दोनदा जेवले.

इंजिन सुरू झालं. पण ओढायचा दोर बांधल्यावर नवंच निघालं. दोराची कडी बोटीच्या शेपटीला होती, तिथं ओझं आलं की शेपूट खाली बसे आणि नाक आभाळाकडे जाई. चालवणाऱ्याला समोर फक्त ढग. ह्यांनी कडी काढून बोटीच्या मध्यावर एक खुंटा बसवला, बैलगाडीच्या धावेची लोखंडी पट्टी मारून पक्का केला. खालचा पाणी कापणारा पंखा वाकला होता, तो ठोकून सरळ केला. दोराला धरायला बैलांच्या जुवाची शिवळ, ती लाकडी खुंटी, आडवी बांधली. तरी नाक थोडं वर राहिलंच. साहेब म्हणाले, पुढे वजन लागेल. शिवाय मागे पाहून पडलं-उठलं सांगणारं एक माणूसही लागेल.

रविवारी निम्मं पातूर काठावर. साहेब अर्ध्या चड्डीत आले तेव्हा बायकांनी पदर तोंडाला लावले, पण हटली कोणी नाही. बोटीकडे पाहते तर नाकावर आपली आई! तंबाखूची पिशवी मांडीवर, तोंड मागच्या बाजूला.

हे हात जोडून म्हणाले, "मामी, उतरा. ही सरकारी बोट आहे."

"तुमच्या बोटीत कोण बसलं?" आई म्हणाली. "मी तं माह्या गादीवर बसली."

साहेबांना सगळं समजावून सांगितलं, तर ते पोट धरून हसले आणि म्हणाले, वजन बरोबर आहे, राहू द्या.

साहेबांनी तीन वेळा प्रयत्न केला. तिन्ही वेळा बोट कण्हली, दोर ताणला आणि साहेब पाण्याखालून चालत असल्यासारखे दिसेनासे झाले. तिसऱ्या वेळी काठावर बसून बरंच पाणी बाहेर काढलं. मग खोकत म्हणाले, "बोटीचा दोष नाही. माझंच वजन जास्त आहे. कोणी हलकं माणूस..." काठ एकदम मागे सरकला. डोमाजी झाडावर चढला म्हणतात, मी पाहिलं नाही. मी ह्यांच्याकडे पाहत होते. हातात स्टिअरिंग, तोंडावर ते 'हं'.

मी कासोटा खोचला. विहिरीत पोहायला तुम्हीच शिकवलंत, दादा. पाठीला दोन वाळके भोपळे बांधले. साहेबांनी काठावरूनच शिकवलं: गुडघे पोटाशी, हात सरळ, उठायची घाई नाही, बोट उठवेल. आणि बोटीनं उठवलंही! तेवढ्यात आई ओरडली, "हळू, जवाईबापू, हळू!" नऊ वर्षं सासूचा शब्द न मोडलेल्या माणसानं तत्काळ इंजिन मंद केलं. मी उभीच्या उभी खाली गेले, भोपळ्यांनी वर आले.

दुसऱ्या वेळी आईनं स्वतःच पदराचा बोळा तोंडात घातला. आणि दादा, मी उभी राहिले. पाणी पायाखाली डांबरी सडकेसारखं लागत होतं, त्याचे बारीक तुषार अंगावर येत होते, आणि आवाज सगळा पुढे, माझ्यापाशी नुसता वारा. आम्ही जुन्या घाटाजवळून गेलो. लहानपणी तिथंच आई रिकामी घागर ठेवून उन्हात बसायची, कोणी वरून ओतलं तर पाणी, आपल्याला हात लावायची सोय नव्हती.  आता बोळा तिच्या तोंडातच होता. तिनं वाकून हात पाण्यात सोडला आणि पुरी चक्कर तसाच धरला. मी दोर सोडला तो काठाजवळ, आणि चिखलात बसले, फार सुखानं.

आई उतरेना. "मले कोणी इचारलं? अजून एक चक्कर मारा." ह्यांनी आणखी दोन मारल्या.

साहेबांनी तिथंच आपल्या जीपच्या बोनेटवर कागद ठेवून लिहिलं की बोट उत्तम कामाची असून मेकॅनिकसह ठेवावी. सध्या हे भाजीला दोनदा चांगली म्हणतात. आणखी काय लिहू? तुमची आठवण सगळेच काढतात. मुलांना पापे.

तुमची,
ललिता

ता. क. : नाताळात तुम्ही येणार, म्हणून लिहायचं ते लिहितेच. तिकडे राजापेठेतल्या खोलीपाशी जागा नाही म्हणून तुम्ही आमच्या ओसरीत ठेवलेली फटफटी सुखरूप आहे. बोटीचं कार्बोरेटर गंजून गेलं होतं, तेव्हा ह्यांनी तिचं घेतलं. प्लगही. पेट्रोलची नळीही. हॉर्न मात्र निव्वळ हौस म्हणून. बाकी गाडी जशीच्या तशी आहे, मी रोज पुसते. तरी येताना एसटीनं या, आणि नवं कार्बोरेटर मिळालं तर घेऊन या.

दुसरा ता. क. : सीटही घेतली. रविवारनंतर आई रोज संध्याकाळी चक्कर मारते, तिला बसायला मऊ पाहिजे. मी म्हटलं, दादा सीट वापस मागतील. तर म्हणते, "दोन वर्षं फटफटी होती त्याच्यापाशी, एक डाव नाही बसवलं मले. माग म्हणा. तलावाच्या मधात येऊन माग म्हणा."