टेबलावरच्या कापडाचा खुलासा

करुणा,

जेवणाच्या टेबलावरचं पांढरं कापड शोधत बसू नकोस. ते उपरणं म्हणून माझ्या खांद्यावर आहे. आज पाच वाजता चर्चमध्ये मी येशूचं कीर्तन करतोय, आयुष्यातलं पहिलं! सकाळपासून पाय जमिनीवर ठरत नाहीत.

महिनाभर सल्ले घेत होतो. पाळकसाहेब म्हणाले, "प्रार्थना करा." डॉक्टर म्हणाले, "बसून करा." तुझा दादा म्हणाला, "दाजी, या वयात लोक हसतील हो!" लोकांनी हसावं म्हणून चाळीस वर्षं लिहिलं, तेव्हा इतकी खात्री कुणी दिली नव्हती. तिघांचंही ऐकलं. प्रार्थना केली, स्टूल मागवलं आणि हसायच्या दोन जागा आख्यानातच घातल्या.

तुला मात्र विचारलं नाही. तू "नको" म्हणाली असतीस, तर मी खरंच गेलो नसतो.

रिक्षाने ये, शरणपूर रोडवर चालत बसू नकोस. पहिल्या बाकावर तुझी जागा धरलीय. मी भरकटलो तर खोक, लगेच आमेन म्हणून थांबेन. फक्त येताना तोंडात खडीसाखर ठेव. तुला खराच खोकला आला, तर माझं कीर्तन फुकट जाईल.

तुझा,
शमुवेल