जेवणघरासाठी वाइनची संध्याकाळ

२ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठं काम हातात घेणाऱ्याकडे नोंद हवी.

मागच्या रस्त्यावर जेवणघर आहे. ज्यांना परवडत नाही त्यांना तिथे संध्याकाळचं जेवण फुकट मिळतं. बायको आठवड्यातले तीन दिवस तिथे राबते. आता म्हणे पैसे संपत आलेत, पुढच्या महिन्यापासून बंद करावं लागेल. तिचा चेहरा एवढासा झाला होता. मी म्हटलं, मी आहे ना. निधीसाठी वाइन टेस्टिंग ठेवू. बरे पैसेवाले लोक तिकीट काढून येतील, चार प्रकार चाखतील, मी माहिती देईन. ती म्हणाली, तुम्हाला वाइनमधलं काय कळतं? मी कोर्स केलाय हे ती सोयीस्कर विसरते. एका दुपारचा होता, पण सर्टिफिकेट आहे.

५ मार्च
जेवणघर चालवणाऱ्या बाईंशी फोनवर बोललो. कार्यक्रमाचं अध्यक्षपद स्वीकारलं. कोणी देऊ केलं नव्हतं, पण बाई नाहीही म्हणाल्या नाहीत. फार दमलेल्या वाटल्या. आता जबाबदारी माझ्याकडे आली म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं असणार.

संकल्प: रोज सहाला उठून भाषणाची तयारी.

६ मार्च, पावणेदहा
उठलो.

८ मार्च
मेहुण्याचं वाइनचं दुकान आहे. त्याने तीन खोकी अशीच देऊन टाकली. वर म्हणाला, दाजी, ताईच्या जेवणघरासाठी देतोय हं, हात लावू नका. दुकानदारांची बोलण्याची पद्धतच तशी. खोकी जिन्याखालच्या कपाटात ठेवली. वाहून कंबर गेली. मदतीला कोणी नाही. (मेहुणा होता, पण तो तर दोनच खोकी उचलत होता.)

१० मार्च
पाहुण्यांपुढे जे मांडायचं ते आधी स्वतः तपासणं हा साधा प्रामाणिकपणा झाला. एक बाटली उघडली. नोंद: लाल. फळांचा वास. कुठलं फळ ते उद्या ठरवू. कोर्समध्ये चाखून थुंकायला शिकवलं होतं. पण दानात आलेली वस्तू थुंकणं मनाला पटेना.

११ मार्च
उघडलेली बाटली टिकत नाही. संपवली. वाया घालवणं मला आवडत नाही.

१४ मार्च
जुन्या ऑफिसातल्या सगळ्यांना आमंत्रणं गेली. बहुतेकजण ‘बघतो’ म्हणाले. म्हणजे येणार. आमचे मोठे साहेब म्हणाले, तू बोलणार आहेस का? म्हटलं, पाऊण तास. त्यांनी लगेच फोन ठेवला. भारावले असावेत.

१७ मार्च
पांढरीची तुलना करायची तर दोन बाटल्या एकदम उघडाव्या लागतात. शास्त्रच आहे तसं. नंतर भाषणाचा पहिला परिच्छेद एका बैठकीत लिहून काढला. उत्तम जमलाय.

१८ मार्च
कालचा परिच्छेद वाचायला घेतला. अक्षर लागेना. डोकं जड. हवा बदलतेय.

२० मार्च
शहरातले सगळे हॉल भरलेले. तारीख ठरवताना आधी हॉल बघा, हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं. बायको म्हणते, दोनदा सांगितलं. सांगण्याचीही एक पद्धत असते. शेवटी बाई म्हणाल्या, शनिवारी जेवणं आटपली की आमच्याच खोलीत करा. लांब बाकं आहेत म्हणे, आणि ट्यूबलाइट. वाइनला ट्यूबलाइट चालत नाही. पण वाद घालायचं त्राण उरलेलं नाही. एकट्याने किती ओढायचं?

२४ मार्च
तिकिटं अजून फारशी गेली नाहीत. खरं तर गेलीच नाहीत. लोक ऐनवेळी घेतात. ताण घालवायला थोडी तपासणी केली.

२६ मार्च
बायकोने खोकी मोजायला, म्हणजे बघायला, कपाट उघडलं. दोन खोक्यांत रिकाम्या बाटल्याच. मी नीट लावून ठेवल्या होत्या, तेही तिने पाहिलं नाही.

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती जिन्याच्या पायरीवर बसली. म्हणाली, तिथे एकजण रोज दोन लेकरांना घेऊन येते, तिला मी काय सांगू? अहो, तुम्हीच सांगा, काय सांगू? मी म्हटलं, नमुने तपासावे लागतात. तिने मान हलवली, फोन उचलला आणि दुसऱ्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. मी जरा आडवा झालो.

२८ मार्च, शनिवार
आज कार्यक्रमाचा दिवस. कार्यक्रम नाही.

तिने दोन दिवस बसून आमंत्रणांच्या यादीतल्या एकेकाला फोन केला. जे आहे ते सांगितलं. वाइन नाही, संध्याकाळ नाही, पण जेवणघर बंद पडतंय, काही देता येईल का? लोकांनी दिलं. तिकिटापेक्षा जास्त दिलं. साहेबांनी तर सगळ्यांत मोठी रक्कम पाठवली. त्यांनी फक्त एवढंच विचारलं म्हणे, भाषण नक्की रद्द ना?

जेवणघर वर्षभर चालेल. बाई फोनवर रडल्या. फोन बायकोसाठी होता.

तरी मूळ कल्पना माझीच. उरलेलं खोकं मेहुणा परत घेऊन गेला. माझ्याशी बोलला नाही. घाईत असेल.

१ एप्रिल, बुधवार
अध्यक्षाने एकदा पाहणी करायला हवी, म्हणून संध्याकाळी जेवणघरात गेलो. आत वाफ, भांड्यांचे आवाज, बाकांवर दाटी. दारातच भिंतीला टेकलो. दाढी वाढलेली, रात्री झोप नाही, पाय दुखत होते.

एका म्हाताऱ्याने सरकून जागा केली. म्हणाला, बसा. पहिल्यांदाच आलात ना? सगळ्यांना पहिल्या दिवशी जड जातं. नंतर काही वाटत नाही.

मी कोण ते त्याला सांगणार होतो. तोंड उघडलंही. मग बसलो.

समोर गरम सूप आलं. वाढणारी माझी बायकोच होती. तिने माझ्याकडे पाहिलं, शेजारच्याकडे पाहिलं होतं तसंच. विचारलं, पाव अजून एक देऊ का?

म्हटलं, द्या.