चर्चच्या दारातला दगड

सर, तुमच्या चर्चच्या दारापाशी परवा काळा दगड बसवला. चर्च किती जुनं, कोणी बांधलं, असा मजकूर. तो लिहायला मलाच सांगितलं. तुमचा भाचा आता मंडळीचा पाळक आहे. म्हणाला, ‘‘तुमीच लिवा गुरुजी, तुमचं मराठी लई शुद्ध हाय.’’ मी पुष्कळ नाही म्हणालो, म्हणजे दोनदा.

निदान ‘बाप्टिस्ट’ हा एक शब्द दगडावर बरोबर आला. आपल्या गावानं ‘बाप्टिस्ट’चं ‘बाटिस्ट’ करून टाकलं होतं. बाटला तो बाटिस्ट. सहावीच्या निबंधात मीही ते सद्भावनेनं लिहिलं. तुम्ही समासात तांबड्या शाईनं लिहिलंत, ‘व्युत्पत्ती कल्पक. शब्द चूक.’ वर्गात मात्र काही बोलला नाहीत. आमच्या घरी मोठा प्रश्न पडला होता की पोरानं देवभाषा शिकायची ती बाटिस्टाकडून? पण सगळ्या तालुक्यात ती येत होती तुम्हालाच. त्यामुळे धर्म जरा बाजूला सरकला.

शिकवणी तुमच्या स्वयंपाकघरात. चुलीपाशी तुमची आई भाकरी थापते आहे, मी जेवता जेवता कर्मणी प्रयोग घोकतो आहे. कर्ता गाळून मी वाक्य केलं, ‘देवालय बांधले गेले.’ तुम्ही विचारलंत, ‘‘कोणी?’’ मी म्हणालो, ‘‘कर्ता अनुक्त आहे, सर.’’ तुमचा आवाज पहिल्यांदाच चढला. ‘‘अनुक्त म्हणजे मेला नाही बे! तृतीयेत जाऊन बसलाय. शोध त्याला.’’ तुमची आई, आम्हा पोरांच्या आजी, हसल्या. म्हणाल्या, ‘‘आमचं देऊळ आमीच बांधलं की. मिशनच्या साहेबानं नकाशा काढला. चुन्याला लई पाणी लागतंय बाबा. आमी बाया नदीहून डोक्यावर आणायचो. तुमची इहीर जवळ हुती, पर तुझा आज्जा काठी घेऊन बसायचा तितं.’’ तुम्ही हळूच म्हणालात, ‘‘आई, पोरगं जेवतंय.’’ मी जेवत होतो, सर. ताटात तुमच्या घरची भाकरी होती. आजी मात्र आणखी एक भाकरी वाढून मोकळ्या झाल्या.

तुमच्या भाच्यानं एवढंच मागितलं होतं, ‘‘साहेबाचं येऊ द्या, पर पाणी वाहणाऱ्या बायांचं एक वाक्य घाला. आजीचं दुसरं कायबी कुठं लिवलेलं न्हाई.’’ मी लिहिलं. ‘खालच्या आळीतील स्त्रियांनी नदीवरून पाणी वाहून हे मंदिर उभारले.’ कर्तरी की कर्मणी, यावर तुम्ही तासभर घेतला असता. कागद खिशात घालून बीडला कारागिराकडे निघालो. मांजरसुंब्याला गाडी बदलायची होती. धाब्यावर चहा पीत बसलो आणि वाक्य पुन्हा वाचलं. कोणीतरी विचारणारच, नदीवरून कशापायी? विहीर नव्हती का? आणि गावात जुनी विहीर एकच, आमची. आजोबांचं नाव तिच्या कठड्यावर अजून आहे. माझी नात ते बोट फिरवून वाचते. मी पेन काढलं. ‘हे मंदिर उभारले गेले.’ एवढ्या वर्षांच्या संस्कृताचा असा उपयोग झाला.

दगडावरचा पडदा काढला तेव्हा तुमच्या भाच्यानं तो दोनदा वाचला. मग मलाच हार घातला.

हे पत्र तुमच्या कबरीवर ठेवावं असं मनात होतं. पण तिथे तो रोज झाडतो, आणि त्याला तुम्ही वाचायला चांगलं शिकवलंत. तेव्हा ते माझ्याच टेबलाच्या खणात राहील. त्याला मी सांगितलंय की दगडावर जागा उरली नव्हती. उरली होती, सर, पुरती एक ओळ. तिथे मीच वेल कोरायला लावली.