साडेअकरापर्यंतची वाट

समुद्रकाठचे विश्रामगृह, निकोबार
गुरुवार, १४ फेब्रुवारी १९७४

सौ. शालूवहिनींस,
विजयमालाचा नमस्कार.

मी खुशाल आहे. हे पत्र लेकीकडून, अंजनाकडून, वाचून घेऊ नका, तुमचं तुम्ही वाचा. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

माजी सैनिक म्हणून दादाला मिळालेल्या जमिनीवरचं घर अजून शाकारायचं आहे, म्हणून त्याने मला इथे ठेवलं. पायरीपासून भरतीच्या रेषेपर्यंत बावीस पावलं. माडावर चढून नारळ फोडणारा खेकडा पाहिला. सकाळी वाळूवर कासवांच्या वाटा उमटलेल्या असतात, बैलगाडीच्या चाकोरीएवढ्या रुंद.

व्यवस्था पीरमहंमदचाचा बघतात. तासगावकडचे, दादाच्याच पलटणीतले. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "चाचा, तुमचं भिंतीवरचं घड्याळ तासभर पुढे आहे."

"आवं ताई, हितला सूर्व्य बी तासभर म्होरंच उगवतुय. आमी त्याच्यासंगं चालतुय. तुमचं घड्याळ कऱ्हाडचं, त्याला काय ठावं?"

माझं घड्याळ रेडिओवर लावलेलं. मी ते बदललं नाही.

समोर अर्ध्या मैलावर एक खडकाळ बेट आहे. ओहोटीला तिथवर चालत जाता येतं. त्यावर सागरगोट्यांची काटेरी झुडपं आहेत. आपण बाजारातून आणतो ते हेच. अंजनाचा खेळातला पाचवा सागरगोटा हरवल्याचं मीच दादाला सांगितलं होतं.

सोमवारी सकाळी दादा तो आणायला बेटाकडे निघाला. चाचा बाजारात होते.

"विजे, माघारी याया वाट कवापतूर हाय?"

दारामागे चाचांनी लिहिलेला भरती-ओहोटीचा तक्ता टांगलेला असतो. मी पाहिला. "साडेअकरा."

"मग लय येळ हाय की! तू सांगितलंस म्हंजी सरकारी मोजमाप." हसला, आणि त्याने आपलं घड्याळ माझ्या घड्याळाशी जुळवून घेतलं.

वहिनी, इथवर तीनदा लिहून कागद फाडले. आता सरळ लिहिते.

अकराला तो बेटावरून परत निघाला. वाटेवर तेव्हाच छातीएवढं पाणी होतं. माघारी जा म्हणून मी ओरडले. लाटांत ऐकू गेलं नसेल. मग तो पोहू लागला, कृष्णेच्या पुरात पोहतो तसा: धारेशी न भांडता, तिरका. पुरात माणूस असा मैलभर खाली का होईना, काठाला लागतो. संगमाखाली दादा कितीदा तसा लागला आहे. इथली धार बेटाला वळसा घालून उघड्या समुद्राकडे जाते. दुसरा काठ नाही. त्याचं डोकं मला अकरा वाजून एकोणीस मिनिटांपर्यंत दिसत होतं.

चाचा आले, तक्त्याकडे बघून खालीच बसले. तक्त्यातल्या वेळा त्यांच्या घड्याळाच्या. माझ्या घड्याळाप्रमाणे वाट साडेदहालाच बंद होत होती.

ते म्हणतात, "चूक माजी हाय ताई. तक्त्यावर तसं लिवायला पायजे हुतं." चूक त्यांची नाही. घड्याळ पुढे असल्याचं मला माहीत होतं. तक्ता कुणी लिहिला तेही माहीत होतं. मी विचारलं नाही. धरणावर पाण्याची पातळी मोजण्याचा मी पगार घेते.

होड्या चार दिवस फिरताहेत. दक्षिणेचा जंगलाचा किनारा अजून बघायचा राहिला आहे. तिथे तो लागलेला असू शकतो. असू शकतो, एवढंच लिहिते. काल पायरीखाली तीन सागरगोटे सापडले. ते तरंगतात, कुठूनही येतात. त्यावरून काही सिद्ध होत नाही. तरी उशाखाली ठेवले आहेत.

हे पत्र पोचायला वीस दिवस लागतील. तार मी मुद्दाम केली नाही. तार आली की गाव दारात जमेल आणि सुलाबाईआत्या तुमच्या बांगड्यांना हात घालतील. एकाहत्तरच्या लढाईत धुळा गेल्याची तार आली तेव्हा त्याच्या बायकोचं तसंच केलं, आणि दोन महिन्यांनी धुळा आपल्या पायांनी घरी आला. वहिनी, पाया पडते, मी तो शेवटचा किनारा बघेपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका. तुमच्याकडे काही मागायचं तोंड मला राहिलेलं नाही. तरी हे मागते.

पाकिटावर तुमच्या नावाआधी 'सौ.' लिहिलं आहे. सवयीने नाही. शाई वाळेपर्यंत बघत बसले होते.

परत आले की तुमच्या उंबऱ्याबाहेर उभी राहीन. पाय धुवायला पाणी द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तोवर सहीआधी नात्याचा शब्द लिहीत नाही.

विजयमाला