लिलीच्या स्थळाचे छत्तीस फोटो

मस्कत, २० मार्च १९८४

आदरणीय बेसिल भावोजींस,

फर्डिनंडचा नमस्कार. देवदयेने मी ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? मार्थाबायला सांगा, सुके बोंबील पोचले. वासाने खोलीतले दोघे दुसरीकडे राहायला गेले, त्यामुळे जागाही झाली.

आमच्या कंपनीतल्या नंदाखाल गावच्या आल्बर्टचं स्थळ तुमच्या लिलीला सांगून आल्यावर तुम्ही कळवलंत, की त्याचे दोन रंगीत फोटो पाठव, एक चेहऱ्याचा, एक उभा, आणि मुलगा इथेच टिकून कमावणार ना, तेही बघ. म्हणून शुक्रवारच्या सुट्टीला त्याला सुटाबुटात (ऊन असं, की माणूस उभ्या उभ्या सुकावा) वाळवंटातली दरी बघायला नेलं. सरकारने तिथे उद्यानाची पाटी लावली आहे. आत नुसते कडे. आपला कामणचा डोंगर सोलून उन्हात ठेवावा तसे. लोक लांबून बघायला येतात, म्हणून मीही चार फोटो काढले. चारही सारखेच आले.

खाली उतरलो तर दरीच्या तळाशी पाट वाहत होता आणि पाटाकडेला केळी! इथल्या नऊ वर्षांत मी केळीचं झाड पाहिलं नव्हतं. लाजायचं काय, डोळ्यांत पाणी आलं (हे बायला सांगू नये). एकेका केळीच्या बुंध्याशी आठ-आठ मुनवे फुटलेले, ती पिलं कापायला कोणाला सवड नाही. ते बघून मला राहवेना. केळ्यांच्या लोंगराचा फोटो काढला, केळफुलाचा काढला, मुनव्यांचा पुरावा म्हणून वेगवेगळ्या बाजूंनी काढला, आणि बघतो तर रोलमधल्या छत्तीसातले दोनच उरलेले.

आता आल्बर्टला उभं करावं, तर तो जागेवर नाही. पाटाची कड फुटून पाणी शेजारच्या तुकड्यात चाललं होतं. त्याने कोट केळीला टांगला, बूट माझ्या हातात दिले आणि चिखलाने ते तोंड बंद केलं. काम इतकं नेटकं, की मीही दोन मुठी चिखल लावला. इतक्यात एक म्हातारा काठी घेऊन धावत आला. ते पाणी फुटलेलं नव्हतं, त्याच्या पाळीचं होतं, पंधरा दिवसांनी मिळालेलं. आपल्याकडे कोणी असं केलं असतं तर कोयताच निघाला असता. आम्ही हात जोडून बांध फोडला. म्हाताऱ्याने तो चिखल बोटाने दाबून बघितला, मग आम्हा दोघांना खजूर दिले.

तर फोटो असे: एकात आल्बर्टची वाकलेली पाठ. दुसऱ्यात म्हातारा, आणि आल्बर्ट गळ्यापर्यंत. डोकं का आलं नाही ते माहीत नाही. चेहरा चांगला आहे, माझ्यावर विश्वास ठेवा.

तुमचा,
फर्डिनंड

ता.क. – परतताना त्याने लिलीचं शिक्षण विचारलं नाही. तुमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात खारं होतं का, एवढंच विचारलं. मी गोडं राहतं म्हणालो. शनिवारी त्याने राजीनामा दिला. तेव्हा ईस्टरनंतर विहिरीचा गाळ काढून ठेवावा.

ता.क. २ – लिलीला विचारल्याशिवाय काही ठरवू नका. ती नाही म्हणाली, तरी गाळ काढलेला वाया जाणार नाही. राजीनामा मीही दिला आहे.