दहा मोजेपर्यंत गप्प

३ ऑक्टोबर, मंगळवार

नापास! इंग्रजी शिकवायच्या परीक्षेतल्या चाळीस मिनिटांच्या तासात मी एकतीस मिनिटं बोललो. मॅडम मागच्या बाकावर स्टॉपवॉच घेऊन बसतात. शिक्षकानं तोंड उघडलं की चालू, मिटलं की बंद; बोलायचं शिकणाऱ्यांनी, शिक्षकानं नाही. "तुमच्या तासाला बंद करायची वेळच येत नाही हो," म्हणाल्या. आणि वर तो प्रकार.

लिहूनच टाकतो. वर्गात एका हॉटेलातला आचारी शिकायला येतो, त्याला इंग्रजीत विचारलं, काल काय केलंस? तो छताकडे बघत बसला. माणसं भरलेल्या खोलीत शांतता पसरली की माझा हात आपोआप वर जातो. अठ्ठावीस वर्षं लिलाव पुकारले आहेत, जुनी कपाटं, आरसे, झुंबरं. तोंडातून निघूनच गेलं, "एक वार, दोन वार, तीन वार!" आणि डस्टर टेबलावर आपटला! बिचाऱ्यांना वाटलं, हा धड्याचाच भाग. सगळ्यांनी मिळून वह्या आपटल्या.

सहा तासांपैकी दोन नापास चालतात. माझे दोन्ही सुरुवातीलाच वापरून झाले. आता एकही गेला तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर भाषा केंद्रात शिकवायची नोकरी नाही. लिलावघर तर बंदच झालं. या परक्या देशात, या वयात दुसरं कोण घेणार मला?

५ ऑक्टोबर, गुरुवार

मॅडमचा नियम: प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजायचं. ओठ हलवायचे नाहीत. चेहरा प्रसन्न. नवी भाषा बोलणाऱ्याला तेवढा वेळ लागतोच.

आरशासमोर सराव केला. सहाच्या पुढे गेलो की मान थरथरते. ही दारातून डोकावली. "अहो, दाढ दुखतेय का?"

८ ऑक्टोबर, रविवार

पहाटे स्वप्न पडलं. लिलावाचा हॉल, उंच खिडक्या, तोच पिवळा उजेड. पण कपाटांऐवजी लोकांची अर्धवट राहिलेली वाक्यं येत होती. हमाल दोन बाजूंनी धरून आणत होते, अगदी जपून. बोली लावायला कुणीच नाही. मी हातोडा शोधतोय, आणि खिशात हात घातला की खडूच लागतोय. भीती मात्र वाटली नाही. उलट बरं वाटत होतं, पाण्याखाली चालावं तसं हळूहळू चाललं होतं सगळं.

जाग आली तेव्हा ही खिडकीपाशी चहा घेऊन बसलेली. रोज बसते. बाहेर एक झाड, एक पाण्याची टाकी. "काय बघतेस गं एवढं?" विचारलं. "पाखरं ना?" असंही मीच म्हणालो. ती हसली आणि कप घेऊन आत गेली.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

तिसरा तास पास! काठावर, पण पास!

आचाऱ्याला पुन्हा तोच प्रश्न विचारला. मोजत राहिलो. पाच. सहा. हात पाठीमागे घट्ट धरलेले. आठव्या आकड्याला तो बोलला. काल त्यानं त्याच्या आईच्या पद्धतीचं सूप केलं. हॉटेलात कुणी मागवलं नाही. मग रात्री त्यानं एकट्यानं बसून सगळं पातेलं संपवलं.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. एरवी दुसऱ्या सेकंदाला मी त्याच्या तोंडात घातलं असतं, "तू टीव्ही पाहिलास, हो ना?" आणि तो बापडा हो म्हणाला असता. पातेलं राहिलं असतं त्याच्यापाशीच. घरी चालत आलो. घर ओलांडून बसचे दोन थांबे पुढे गेलो, कळलंच नाही.

२५ ऑक्टोबर, बुधवार

हिला डॉक्टरकडे नेलं. इथे आल्यापासून डॉक्टर, बँक, फोन, सगळीकडे हिच्या वतीनं मीच बोलतो. हिला इंग्रजी समजतं सगळं, पण बोलायची वेळ आली की अडखळते. निदान मी तरी तसंच धरून चाललोय. आज ठरवून गेलो होतो, दहापर्यंत मोजायचं.

डॉक्टरनं विचारलं, कुठे दुखतंय? चौथ्या आकड्याला माझ्या तोंडून "गुडघा!"

जिना उतरताना ही म्हणाली, "कंबर दुखत होती."

आणि आम्ही गुडघ्याचं मलम घेऊन घरी! हसलो दोघं. ती जरा कमी हसली.

७ नोव्हेंबर, मंगळवार

चौथा पास, पाचवाही पास. मोजून बारा मिनिटं बोललो. मॅडमनी घड्याळ दोनदा हलवून बघितलं, बिघडलं की काय म्हणून!

२० नोव्हेंबर, सोमवार

उद्या शेवटचा तास. आणि वर्गात सर्दीतापाची साथ. सहा विद्यार्थी हजर असल्याशिवाय परीक्षा घेत नाहीत, आणि उठून बसू शकतील असे पाचच उरलेत. पुढे ढकलली तर थेट उन्हाळ्यात. केंद्राची जागा तोवर थांबते होय!

माझ्याबरोबर प्रमाणपत्राची तयारी करणारी एक जण आहे, आधी नर्स होती, तिनं फोनवर तोडगा काढला. "काका, काकूंना बसवा की! त्याही शिकणाऱ्याच."

हिला विचारलं. "नुसतं बसायचं," म्हणालो. "घाबरू नकोस, तुला काही विचारणार नाही."

"का नाही विचारणार?" म्हणाली.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

क्रमानं लिहितो.

ही खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, आचाऱ्याच्या शेजारी. कोवळं ऊन पडलं होतं तिच्या वहीवर. एक क्षण ओळखलंच नाही मी तिला. वाटलं, कोण ही शांत बाई, आपल्या वर्गात नवीन आलेली?

धडा होता, पुढच्या वर्षी मला काय करायचंय. पाच जणांचं छान झालं. सहावी ही. मॅडमनी मागून पेन वर केलं, म्हणजे विचारायलाच हवं. विचारलं.

मोजायला लागलो. हिचं उत्तर मला पाठ होतं. मुलीकडे जायचंय, नाहीतर शिवण शिकायचंय. दोन्ही वाक्यं माझ्या जिभेवर तयार. सात. आठ. ती वहीकडे बघत होती. दहा झाले. नियम संपला, आता मदत केली तरी चालतं. पण तिनं वर बघितलं, आणि त्या नजरेत असं काही होतं की मी पुढे मोजत राहिलो. चौदा. पंधरा. खोली तरंगत असल्यासारखी वाटली.

एकोणीस.

"मला काही दिवस एकटीनं राहायचंय," ती म्हणाली. इंग्रजीत. सावकाश, एकही चूक न करता. "जिथे माझ्या वतीनं कुणी बोलणार नाही."

आचाऱ्यानं विचारलं, "कुठे?" "समुद्राजवळ. माझ्या मैत्रिणीची एक खोली रिकामी आहे." दुसऱ्या कुणी विचारलं, "भीती नाही वाटणार?" "वाटेल थोडी." मग सगळेच विचारायला लागले, ती उत्तरं देत गेली. मी फळ्याला टेकून उभा. बोलायचं नाही असं ठरवलं नव्हतं. आवाजच फुटेना.

मॅडमनी घड्याळ दाखवलं. आठ मिनिटं. "या वर्षातला सगळ्यात सुंदर तास," म्हणाल्या. "काय थांबलात हो तुम्ही!"

पास. सहापैकी चार. झालं एकदाचं.

२२ नोव्हेंबर, बुधवार

राग आला. खूप आला. चारचौघांत! परक्या भाषेत! सकाळी म्हणालो, "हे घरात सांगता येत नव्हतं?" आणि पुढचं वाक्य गिळलं. गॅस बंद करून ती समोर बसली.

"किती वेळा सुरुवात केली," म्हणाली. "तुम्ही पुरं करायचात. छानच करायचात, अगदी. पण ते माझं नसायचं."

आठवून बघितलं दिवसभर. पाखरं आठवली. ती खिडकीत बसून काय बघते, ते मला आजही माहीत नाही. न्हाणीघरात जाऊन रडलो. नळ सोडून.

२ डिसेंबर, शनिवार

प्रमाणपत्र आलं, जाड कागद, वर माझं नाव. जानेवारीपासून नोकरी. आजच हिला समुद्राकडच्या बसवर सोडायला गेलो.

तिकिटाच्या खिडकीवर ती गेली. मी दोन पावलं मागे. आतल्या माणसानं काही विचारलं, तिनं उत्तर दिलं, त्यानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा दिलं. त्याला आधीच कळायला हवं होतं, गाढव कुठला! मी बॅग धरून उभा राहिलो. बस वळून गेल्यावरही बराच वेळ तिथेच होतो. कुणीतरी विचारलं, कुठली गाडी हवीय? काय सांगणार!

९ डिसेंबर, शनिवार

घर फार गप्प आहे. मोजत नाही.

१७ डिसेंबर, रविवार

हिचा फोन आला. पाऊण तास! मी फक्त "हं, हं." तिनं शेजारणीच्या बोक्याची नक्कल केली, तिथल्या पोस्टमनची केली, मग माझी केली. लिलावातली. पोट धरून हसलो, खुर्चीवरून पडायचा राहिलो. परत कधी येणार ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. छत्तीस वर्षं संसार केला या बाईबरोबर. ही इतकी विनोदी आहे, हे मला आज कळलं.