आवडीचा शेरा

सोमवार, ८ जुलै

आणखी एक तक्ता! गुण झाले, हजेरी झाली, उंची-वजन झालं – आता ‘शिकण्याची आवड’. प्रत्येक मुलापुढे शेरा द्यायचा : उत्तम, बरी, नाही. हात वर करतो का, नजर समोर असते का, स्वतःहून काही विचारतो का, एवढं बघायचं. ज्यांच्यापुढे ‘नाही’, ती मुलं पुढच्या आठवड्यात शेजारच्या तुकडीत. तिथं मुलं कमी, जास्त लक्ष देता येईल म्हणे. मोठ्या बाईंना विचारलं, आवड अशी मोजता येते का? म्हणाल्या, “वरून आलंय. शुक्रवारपर्यंत द्या.”

शेजारच्या तुकडीचे सर म्हणजे गोगलगाय. नाव मुलांनी ठेवलंय, पण आम्हीही आपसात तेच म्हणतो. सर मधल्या सुट्टीत संत्रं सोलायला घेतात, घंटा होते तरी अर्धं साल तसंच. मला बघवत नाही. एकदा हातातून घेऊन सोलून दिलं!

बुधवार, १० जुलै

आज विज्ञानाचा तास झकास झाला. विचारलं – खोलीची दारं-खिडक्या बंद करून फ्रीजचं दार उघडं ठेवलं, तर खोली गार होईल का? अख्खा वर्ग ओरडला – हो! पहिल्या बाकावरचा शहाणा तेवढा ‘नाही’ म्हणाला. मग खिडकीला उभं केलं. (शेवटच्या बाकावरची. सदा बाहेर बघते म्हणून वर्गानं तिला खिडकी करून टाकलंय.) म्हटलं, “तू सांग, का नाही होणार?” ती बाहेर बघतेय. ओठ हलल्यासारखे झाले. पण किती थांबायचं? धडा संपवायचाय! “बस खाली.” शहाण्यानं धडाधड सांगून टाकलं – आतली उष्णता मागून बाहेर येते, वर मोटरची भर. संपला विषय.

ह्या मुलीचं मला कळतच नाही. वही नीटनेटकी, खोड्या नाहीत, पण वर्गात असून नसल्यासारखी. चीड येते.

शुक्रवार, १२ जुलै

शेरे द्यायच्या आधी वर्गाला म्हटलं, डोकी बाकावर, डोळे बंद. शिकायला कोणाकोणाला आवडतं, हात वर करा. सगळे हात वर! लबाड लेकाचे. खिडकीचा मात्र नाही. “करा खाली,” म्हटलं, तेव्हा हिचा हात हळूहळू वर यायला लागला. “झालं ना आता!” सगळे डोळे उघडून हसले. तिनं हात खाली घेतला.

मधल्या सुट्टीतच तक्ता भरून टाकला. माझा पहिला! बाकीच्या बायका अजून पेन शोधतायत. ‘नाही’ फक्त एकीपुढे.

शनिवार, १३ जुलै

सकाळी नवऱ्याला विचारलं, चहा घेणार? तो म्हणाला, “विचारतेस कशाला? ओतलास पण.” त्यात हसण्यासारखं काय होतं देव जाणे, पण तो बराच वेळ हसत होता. दिवसभर डोक्यात भुणभुण.

मंगळवार, १६ जुलै

खिडकी आज गेली शेजारी. दप्तर घेतलं, दारापाशी थांबली, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं रडते की काय. “चल चल, तास चालू आहे,” म्हटलं. गेली.

वर्ग आता एकदम चटपटीत. मग मला चैन का पडत नाहीये?

गुरुवार, १८ जुलै

खिडकीची आई आली होती. मला वाटलं, तुकडी बदलली म्हणून भांडायला आली. छे! शिक्षकखोलीच्या दारातूनच सुरू –

“बाई, फ्रीज उघडा ठेवायला तुम्ही सांगितलंत का पोरीला?”

मी कुठं सांगितलं, म्हटलं.

“मग हे काय खूळ? मी कामावरून आले तर दारं-खिडक्या बंद, फ्रीज सताड उघडा, आणि ही त्याच्या मागं स्टुलावर हात लावून बसलेली! घामानं चिंब. दूध नासलं, भाजी गेली. वर मलाच म्हणते, हात लावून बघ, मागं केवढं तापलंय! गेल्या आठवड्यात एकदा केलं, मी धपाटा घातला. काल परत! का, तर पहिल्या वेळी खिडकीची फट राहिली होती म्हणे. बाईंनी विचारलंय, मला उत्तर द्यायचंय, एवढं एकच. अभ्यासाच्या नावानं बोंब, आणि हे उद्योग!”

त्यांना बसा म्हणायचंही सुचलं नाही. माझ्या वर्गात एवढी मुलं ‘उत्तम’. त्यातल्या एकानं तरी घरी जाऊन फ्रीजला हात लावून बघितलं असेल? शहाण्यानं पाठ केलेलं म्हणून दाखवलं, त्याला शाबासकी. आणि हिला मी काढून टाकलं. मीच. मधल्या सुट्टीत, मिजाशीत.

मंगळवारी ती दारात उभी होती. रडत नव्हती. उत्तर द्यायला थांबली होती!

शुक्रवार, १९ जुलै

मोठ्या बाईंकडे गेले. चुकलं म्हटलं, शेरा बदलते, मुलगी परत द्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “बदला की. शेरा तुमचाच होता. पण आधी तिला विचारा. सारखी इकडून तिकडे हलवायला ती काय खुर्ची आहे?”

जाता जाता शेजारच्या वर्गाच्या दाराशी थांबले. सरांनी कसलासा प्रश्न विचारला आणि खुर्चीत बसून राहिले. कोणी बोलेना. सर रुमालानं चष्मा पुसतायत. माझ्याच जिभेवर उत्तर आलं, पाय शिवशिवायला लागले. मग मागून एक बारीक आवाज... मी खिडकीचा आवाज आजवर धड ऐकला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं.

नंतर सरांना विचारलं, एवढा वेळ थांबता कसे? म्हणाले, “गुडघे हो! एकदा बसलो की चटकन उठवत नाही.”

शनिवार, २० जुलै

कधी एकदा सोमवार उजाडतो असं झालंय. तिला पुढच्या बाकावर बसवीन. फ्रीजचं सगळ्यांसमोर सांगायला लावीन. टाळ्या! आरशासमोर थांबायची तालीम केली. प्रश्न विचारायचा आणि गप्प. नवरा म्हणाला, “कोणाशी भांडतेयस?”

सोमवार, २२ जुलै

व्हरांड्यात तिला गाठलं. विचारलं, “माझ्या वर्गात परत येतेस ना?” आणि गप्प राहिले. खरंच राहिले. ती बाहेर बघत होती. मीही तिकडे बघितलं – काही नव्हतं, नुसतं मैदान. बऱ्याच वेळानं म्हणाली, “बाई, मी इथंच राहिले तर चालेल?”

चालेल म्हणायला मलाच वेळ लागला. ती थांबली.